सकाळच्या तिच्या, संध्याकाळच्या त्याच्या

सुंदराच्या हाताला वाटायची खोड होती, हे अख्ख्या लोधिवलीला ठाऊक. ती फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. तिथं कुणी लाडू दिला की तो पदराला बांधून घरी यायचा आणि नवऱ्यासमोर, हिरामणसमोर, मोडला जायचा. फणस फोडला की गरे आधी शेजारी. लोकांना भारी कौतुक. कौतुक करणाऱ्यांचं काय जात होतं म्हणा!

दिवाळीनंतर तिचं पोट जळायला लागलं. तपासणीत लिव्हरवर चरबी निघाली, साखर काठावर निघाली, आणि जठरात एक जंतू निघाला. लिव्हरचं ऐकून शेजारची अंबाबाई म्हणाली, "चोरून घेतेस का काय गं?" जन्मात थेंब न चाखलेल्या सुंदराला ते फार लागलं. डॉक्टर माधवीनं समजावलं, की ही चरबी दारूशिवायही चढते. भात, गोड चहा, सुटलेलं पोट, सगळं मिळून. जंतूचाही त्यात हात असावा असं काही जण म्हणतात, पण पक्कं अजून कुणी सांगत नाही. जठराला जखम मात्र तो नक्की करतो. "आणि घरातल्या घरात पसरतो, मावशी," डॉक्टर म्हणाली. "पोट कुणाचं दुखत असेल तर घेऊन या."

सुंदरानं शेवटचं वाक्य सोडलं आणि आधीचं तेवढं घरी आणलं.

हिरामण वॉचमन होता. गुडघा सुजला की दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून पाण्याबरोबर गिळायचा आणि पोट जळलं की कण्हायचा. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, "मला काय झालंय?" इकडे सुंदराच्या औषधाच्या प्रत्येक पाकिटात एका दिवसाच्या गोळ्या होत्या, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. दोन आठवडे घ्यायच्या होत्या. तिला वाटलं, घर एक, ताट एक, जंतू तरी वेगळा कशाला असेल? सकाळच्या तिनं घेतल्या, संध्याकाळच्या त्याला दिल्या. दोघांचीही जळजळ थांबली. तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

पाकिटं संपत आली आणि हिरामण न्हाणीच्या दारात कोसळला. ओकारीत रक्त होतं. शौचाला काळं होत होतं हे त्यानं दोन दिवस लपवलं होतं.

मुलानं, राजेशनं, टेंपोत घालून बापाला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त चढवलं, नळी घालून आतली जखम बंद केली. डॉक्टर माधवी तिथंही जायची; दुसऱ्या दिवशी ती खाटेपाशी आली. हातात रिपोर्ट होता.

"जंतू दिसला नाही. म्हणजे गुडघ्याच्या गोळ्यांनीच केलं हे. त्या कायमच्या बंद. दुसरं काही औषध चालू होतं?"

"काय नाय," राजेश म्हणाला.

आपण दिलेल्या गोळ्या जंतूवरच्याच होत्या, त्यांनीच तो दिसेनासा झाला असेल, हे सुंदराला कळत होतं. सांगितलं तर राजेश काय म्हणेल, आणि गाव काय म्हणेल? नाही सांगितलं तर हा माणूस जखमेसकट आणि जंतूसकट घरी जाईल, आणि पुढच्या वेळी टेंपो वेळेवर मिळेलच असं नाही. डॉक्टर जायला वळली.

"बाई, थांबा," सुंदरा म्हणाली. "माज्या गोळ्या यांना दिल्या मी. रोज. निम्म्या."

"आये, काय केलंस हे?" राजेशचा आवाज चढला.

हिरामणनं डोळे उघडले. "तिला नको बोलूस रं. मीच मागितल्या."

"खोटं नका बोलू. मीच दिल्या," सुंदरा म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टर खुर्ची ओढून बसली. चिडली होती, आणि ते तिनं लपवलं नाही. "अर्ध्या औषधानं जंतू मरत नाही मावशी, दबून बसतो. तपासणीत सापडत नाही. तुम्ही बोलला नसता तर मी यांना तसंच सोडलं असतं." मग म्हणाली, "अर्धं करायचंच असेल तर भात करा. गोळी नाही."

जखम भरली, जळजळीच्या चालू गोळ्या तपासणीआधी थांबवल्या, मग दोघांचीही पुन्हा तपासणी झाली. जंतू दोघांतही होता. आता औषध बदललं, आधीपेक्षा जड. फळीवर दोन डबे आले, एक त्याचा, एक तिचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी स्वतःच्या गोळ्या तोंडात टाकताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. तोंड कडू व्हायचं, मळमळायचं. तरी एकही चुकली नाही. ताटातला भात मात्र निम्मा झाला.

अशाच एका संध्याकाळी अंबाबाई पोट धरून ओट्यावर येऊन बसली. "लय जळतंय गं. तुज्यातली एक गोळी दे."

सुंदराचा हात सवयीनं डब्याकडे गेला. झाकणापर्यंत पोचला आणि तिथंच थांबला. "नाय देनार," ती म्हणाली.

"कवापास्नं येवडी कंजूस झालीस?"

"ह्ये मरता मरता वाचले तवापास्नं." तिनं डबा फळीवर आत सरकवला. "सकाळी तयार रहा. दवाखान्यात संगं येते मी."