होयबाचं पहिलं ‘नाही’

त्याला सगळे होयबा म्हणायचे आणि त्यालाही ते मान्य होतं. न पटण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला आजवर काही पटलं नाही असं कधी झालंच नव्हतं.

होयबाचं सलून चौकाच्या कोपऱ्यावर होतं. एक खुर्ची, समोर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी बाक. धंदा वडिलांचा आणि धंद्यातली शिकवणही त्यांचीच. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. वाद घातला की माणूस मान हलवतो, मान हलली की वस्तरा लागतो. म्हणून कोणी काही बोललं की होयबाच्या तोंडून आपोआप निघायचं, “बरोबर आहे तुमचं.” फुटबॉल संघाच्या कोचला हाकला म्हणणारा खुर्चीतून उठायचा, त्याला डोक्यावर घ्या म्हणणारा बसायचा आणि दोघेही खूश होऊन जायचे. लग्नसुद्धा त्याचं असंच जमलं. दाढी करून घेताना सासरे म्हणाले होते, “माझी मुलगी तुला शोभून दिसेल.” होयबा म्हणाला, “बरोबर आहे तुमचं.” नशिबाने ते खरोखरच बरोबर निघालं.

तर या माणसाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी कॅन्सर म्हटल्यावरही तो आधी “बरोबर आहे तुमचं” म्हणाला आणि मग खाली बसला.

उपचार सुरू झाले. दंडात सुई, वर बाटली, घरी आल्यावर मळमळ. डोक्यावरचे केस गेले. “एवढी वर्षं दुसऱ्यांची हजामत करतोय,” तो बायकोला म्हणाला, “माझी कुणीतरी फुकट केली.” इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. बिघडलं ते तो बरं वाटेल त्या दिवशी दुकान उघडायला लागल्यावर. आता त्याच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण त्याला वाचवायला बसत होता.

पहिले आले ड्रिलमास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यात होती. तोंडाला फेस लावलेला असतानाच त्यांनी फर्मावलं, “सगळं कच्चं खायचं. चूल पेटली की अन्न मेलं. सकाळी चालायचं, मग लांब श्वास.”

“बरोबर आहे तुमचं,” होयबा म्हणाला.

मग कुलूपवाला. त्याचं म्हणणं, कच्चं म्हणजे विष. सगळं उकडायचं, इतकं की गाजर आहे की साबण हे ओळखता येऊ नये. हेही बरोबर होतं. मग बेकरीवाला. तो म्हणाला, पाव नको, साखर नको, दूध तर मुळीच नको.

“तू तर तेच विकतोस,” बाकावरून कोणीतरी म्हणालं.

“म्हणून तर मला माहीत,” बेकरीवाला म्हणाला.

दुसरा एखादा असता तर त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं असतं. पण होयबाने शब्द दिला होता आणि ही मंडळी चौकशीला थेट घरी यायची. त्यामुळे स्वयंपाकघरात गाजराचे दोन तुकडे व्हायचे: एक कच्चा, मास्तरांसाठी, एक उकडलेला, कुलूपवाल्यासाठी. दार वाजलं की बायको खिडकीतून बघायची आणि त्याप्रमाणे ताट पुढे करायची. पाव, दूध, साखर ही बेकरीवाल्याच्या भीतीने कपाटाच्या मागे लपली होती.

“अहो, सगळ्यांचं ऐकून उरलं काय?” एकदा ती म्हणाली.

होयबाने विचार केला. “काकडी,” तो म्हणाला. “सालीबद्दल अजून मतभेद आहेत.”

पँट पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर आली. त्यानंतर एक नवीन भोक पाडावं लागलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टर काट्याकडे बघून गंभीर झाले. “वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही, थांबावं लागेल. आणि मला थांबायचं नाहीये. औषध लागू पडतंय.” त्यांनी दोघांना आहारवाल्या बाईंकडे पाठवलं.

बायकोकडून गाजराची हकीकत ऐकून बाई शांतपणे म्हणाल्या, “उकडलेली अंडी, मऊ भात, बटाटा, दूध, लोणी लावलेला पाव. पचेल तसं, थोडं थोडं, दिवसभर. भाज्या घ्या, पण धुऊन, शिजवून. सकाळचं चालणं चांगलं, श्वासाचा व्यायामही चांगला, मन हलकं राहतं. पण नुसतं गाजर खाऊन सुई पेलणार नाही. पटतंय?”

“बरोबर आहे तुमचं.”

“बाई, यांच्या ‘बरोबर’वर जाऊ नका,” बायको म्हणाली. “माझ्या वडिलांनाही हे असंच म्हणाले होते. आत्ता दुकानात कोणी येऊन माती खा म्हणालं तर हे विचारतील, गाळून का तशीच.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग इथेच सराव करू. समजा मी म्हटलं, रोज बादलीभर गाजराचा रस प्या. काय म्हणाल?”

होयबाचं तोंड सवयीने उघडलं. “ब...”

बायकोने चिमटा काढला.

“बादली जरा मोठी होईल,” तो म्हणाला.

“सुरुवात म्हणून ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक नेमके मास्तर. होयबाने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, शिट्टी बाजूला केली, फेस लावला. हात सवयीने चालत होता.

“काल काय खाल्लंस?” मास्तरांनी विचारलं.

“अंडी,” होयबा म्हणाला. “उकडलेली. आणि पाव.”

“काय? अरे, मी तुला...” एवढ्यात वस्तरा हनुवटीखाली आला आणि मास्तर गप्प झाले. नुसते गप्प नाही, श्वाससुद्धा जपून घेऊ लागले.

होयबाचा हात थबकला. त्याने आरशात बघितलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, वस्तऱ्यामुळे न्हाव्याने गप्प बसायचं असतं. वस्तरा कुणाच्या गळ्यावर आहे, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “मान हलवू नका. नुसतं गाजर खाऊन माझं वजन उतरलं. आता उतरलं तर औषध थांबेल. म्हणून मी अंडी खाणार, दूध पिणार, भात खाणार. कच्चं खायला माझं ‘नाही’. चालायला मात्र तुमच्याबरोबर येईन, श्वासही तुम्ही म्हणाल तेवढा लांब घेईन. त्यात तुमचं चुकलं नव्हतं.” वस्तरा कानाकडे सरकला. “बोला आता.”

फेसातून बारीक आवाज आला. “बरोबर आहे तुझं.”

त्या आठवड्यात होयबाने कुलूपवाल्याची दाढी केली, बेकरीवाल्याची केली आणि दोघांनाही पटलं. बेकरीवाल्याला तर इतकं पटलं की तो रोज सकाळी ताजा पाव पाठवू लागला. पहाटे मास्तर शिट्टी वाजवत दारात यायचे, होयबा टोपी घालून खाली उतरायचा आणि दोघे लांब श्वास घेत चौकाला फेऱ्या मारायचे. मळमळ होतीच, काही दिवस नुसता भातच जायचा. पण जायचा. नवीन पाडलेलं भोक रिकामं राहू लागलं.

पुढच्या खेपेला काट्यावर उभं राहताना त्याने चपलाही काढल्या, खिशातला कंगवाही काढून ठेवला. बायको काट्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

“वजन टिकलंय,” डॉक्टर म्हणाले. “थोडं वाढलंयसुद्धा. मग आजचा डोस देऊ या ना?”

होयबाला आता ‘नाही’ची चव लागली होती. “नाही,” तो म्हणाला.

बायकोने भिंतीवरची नजर काढून त्याच्यावर लावली.

“म्हणजे,” होयबा बाही वर सारत म्हणाला, “बरोबर आहे तुमचं.”