फ्लॉपीचं भरीत

माझ्याकडे जाळण्यासारखं एकही गुपित नव्हतं, हे माझ्या आयुष्यातलं मोठं दुःख.

सावद्यात आमच्या समोरच माझा चुलतभाऊ नाना राहतो. केळीचा व्यापारी. त्यानं कॉम्प्युटर घेतला तेव्हाच माझं निम्मं रक्त आटलं होतं. उरलेलं, त्यानं तो विकायला काढला तेव्हा! विकायच्या आधी भर ओट्यावर बसून त्यानं फ्लॉप्या कात्रीनं कापल्या, हार्डडिस्कवर घण घातला (घण माझाच, उसना नेलेला!) आणि ऐटीत म्हणाला, "धंद्याची माहिती आहे भो, परक्याच्या हाती नको." गल्ली आ वासून बघत होती.

मी तडक जळगावला गेलो आणि नानाला कॉम्प्युटर विकणाऱ्या शेठच्या दुकानातून फ्लॉप्यांचा खोका आणला.

"अन् कॉम्प्युटर कुठी आहे?" बायकोनं विचारलं.

"जाळायला कॉम्प्युटर कशाला लागतो?"

"मंग लग्नातला कोट जाळा ना! तो तरी जुना आहे."

बाईमाणसाला धंदा कळत नाही!

त्याच आठवड्यात धाकटीची सोयरीक ठरवायला धुळ्याचे पाहुणे आले. मळ्यात भरिताचा बेत केला. नानाला मुद्दाम बोलावलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी तडतडायला लागली तसा मी उठलो, खाकरलो, "जरा गुपितं नष्ट करतो," म्हणालो आणि अख्खा खोका जाळावर ओतला!

काळाकुट्ट धूर! फ्लॉप्या वितळल्या आणि वांग्यांना मिठी मारून बसल्या.

"फेका ती वांगी!" बायको ओरडली.

"साल तर काढतोच ना आपण?" मी म्हणालो. माघार आमच्या घराण्यात नाही. ठेचलं, फोडणी दिली, वाढलं.

मुलाच्या बापानं घास घेतला आणि थांबला. "आबा, हाई भरीतले कसाना वास येस?"

"धंद्याचा!"

तेवढ्यात नानाच्या मागून एक डोकं वर आलं. जळगावचा शेठ! नानाचा नवा कॉम्प्युटर जोडायला आला होता, नाना त्याला जेवायलाच घेऊन आला. "आबा, या फ्लॉप्या परवाच नेल्या ना तुम्ही? त्या तर कोऱ्या होत्या!"

नाना हसता हसता बांधावरून घसरला. मला वाटलं, गेली सोयरीक.

पण धुळेकरांनी डोळे पुसले. "ज्या घरमा लपाडाले काहीच नही, तठली पोर आमले पसंत शे!"

नानाची गुपितं ओट्यावरच संपली. माझं एकुलतं एक गुपित मात्र पंगतीनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुरीशी खाल्लं, आणि धुळ्याचे व्याही अजून त्याचे ढेकर देतात!