नापास बाईंच्या सात वह्या

बी.ए. झाल्यावर मी एम.ए.चं नाव काढलं तेव्हा घरात कोणी नाही म्हटलं नाही. वडील यवतमाळच्या एका कापसाच्या जिनात फिटर होते. मुलीनं शिकावं याबद्दल त्यांचं मत इतकं पक्कं होतं की त्यावर कोणी बोललेलंही त्यांना आवडत नसे. अडचण वेगळीच होती. नागपूरला ज्या विभागात मला इतिहास शिकायचा होता तिथे जागा जेमतेम बारा, आणि त्या भरण्याआधी एक लेखी परीक्षा. तीन तास, पाच प्रश्न. तिचा सराव कशावरून करायचा हे सांगणारं आमच्या वस्तीत कोणी नव्हतं. वस्तीतली पहिली बी.ए. मीच. विचारणार कोणाला?

कॉलेजच्या ग्रंथपालांनी दोन पत्ते दिले. एक गावातल्या वकिलांच्या मुलाचा. तो आदल्या वर्षी पहिल्याच फटक्यात पास झाला होता आणि त्याच्याकडे छापील गाइड होतं. दुसरा पत्ता बोरी अरबच्या शाळेतल्या एका बाईंचा. "त्यांच्याजवळ सात वह्या आहेत. सारे जुने पेपर उतरवून सोडवलेले," ग्रंथपाल म्हणाले आणि मग उगाच आवाज खाली आणून म्हणाले, "पण तीनदा नापास झाल्या."

गाइड आधी आलं. आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं, पदरानं पुसलं आणि बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलं. वडील चहा पीत होते. म्हणाले, "त्याले आता फूल बी वाह्य." आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

आठ दिवस मी ते गाइड वाचलं. प्रत्येक उत्तर 'मानवी इतिहासात या घटनेला अनन्यसाधारण महत्त्व आहे' असं सुरू होई आणि 'यावरून तिचे महत्त्व ध्यानात येते' असं संपे. मधे काय घडलं ते त्या घटनेलाच ठाऊक. निम्म्याच्या पुढे गेले तर पानांच्या कडा फोडलेल्याच नव्हत्या. पास झालेल्या मुलानं ते पुस्तक धड उघडलंही नव्हतं. तो कशानं पास झाला कोण जाणे, पण या पुस्तकानं नक्की नाही. मला हसू आलं आणि मग धडकीही भरली, कारण परीक्षेला दीड महिना उरला होता.

बोरी अरबला जाते म्हटल्यावर आई भडकली. "तीनदा नापास झालेल्या बाईच्या वह्या घरात आणतं काय व? ते आपल्याले बी लागन."

"दीक्षा घेतली तेव्हा काय कबूल केलं होतं?" वडील म्हणाले. "शकुन-अपशकुन सोडले ना आपण?"

"शकुन सोडले," आई म्हणाली. "पण नापास ते नापासच."

आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मी आठवीत होते. तेव्हापासून आईनं एकेक गोष्ट खरोखर सोडली होती. देव सोडले, उपास सोडले, अंगारे सोडले. आता त्यात ही एक भर पडली म्हणून ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. वह्या आणल्या तेव्हा मात्र तिनंच त्यांना गाइडपासून दूर, दुसऱ्या फळीवर जागा करून दिली.

बोरी अरबला मी बाजाराच्या दिवशी गेले. मोटारीत मिरच्यांची पोती होती, त्यामुळे उतरले तेव्हा शिंकून शिंकून डोळे लाल झाले होते. बाई शाळेमागच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहत. उंच, सावळ्या, दंडाला खडूचे डाग. मला पाहताच म्हणाल्या, "रडून काहून राह्यली व? कोणी गेलं काय?" खाटेवरून त्यांची आई हसली. म्हातारीला दिसत कमी होतं, पण ऐकू सगळं येत होतं.

मी कशासाठी आले ते सांगितलं. बाईंनी एका शब्दानं आढेवेढे घेतले नाहीत. पेटीतून सात वह्या काढल्या. सगळ्यांना सिमेंटच्या पोत्याच्या खाकी कागदाची कव्हरं होती.

"ने," म्हणाल्या. "पण परीक्षेच्या महिनाभर आधी आणून दे. मले बी बसायचं आहे. हे शेवटची बार. पुढच्या साली मले तीस लागते, मग विद्यावेतन भेटत नाई. अन् त्याच्याबिगर नागपुरात राहणार कशी?"

"मग मले काहून देता?" मी विचारलं. "मी बी त्याच जागांसाठी बसून राह्यली."

"मले त्या पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "पेटीत ठेवून का लोणचं घालू?"

त्या वह्या मी अजून विसरले नाही. कुठून कुठून मिळवलेले जुने पेपर त्यांनी सुंदर अक्षरात उतरवले होते आणि प्रत्येक पेपर घड्याळ लावून सोडवला होता. वर सुरुवातीची वेळ, खाली शेवटची. आणि काय ती उत्तरं! कापसाच्या व्यापाराबद्दल त्या लिहीत तेव्हा वऱ्हाडातल्या रस्त्यांवरून लादलेले बैल खरोखर चालायला लागत. गाइडमध्ये जो प्रश्न दीड पानात गुंडाळला होता त्याला इथे नऊ पानं होती आणि त्यातली एक ओळ काढावीशी वाटत नव्हती. दुसऱ्या प्रश्नाला सात पानं. तिसऱ्याला एक-दीड. मग एक आडवी रेघ आणि खाली लिहिलेलं: वेळ संपली.

पहिल्या दोन वह्यांत मला वाटलं, उरलेले प्रश्न बाईंनी दुसरीकडे सोडवले असतील. चौथ्या वहीत लक्षात आलं की दुसरीकडे असं काही नाहीच. एकूण एक पेपर तिसऱ्या प्रश्नापाशी थांबला होता. तीन वर्षं, सात वह्या, आणि पाचवा प्रश्न कुठेही नाही. ही बाई नापास का होते हे मला कळलं, आणि ते त्यांना स्वतःला कळलेलं नाही हेही कळलं. मी पाची प्रश्न लिहायचा सराव त्याच दिवशी सुरू केला. एक प्रश्न, पस्तीस मिनिटं, पुढे चला. बाईंच्या वह्यांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

हे त्यांना सांगायचं की नाही, यावर मी दोन आठवडे काढले. त्या मोठ्या, त्यात शिक्षिका. मी काल पदवी घेतलेली पोर. त्यांचा दोष काढणारी मी कोण? हे झालं सांगण्यासारखं कारण. दुसरंही होतं, आणि आता लपवून काय करू? जागा बारा. या बाईंनी पाच प्रश्न लिहिले तर एक जागा गेलीच. भाकरी थापता थापता हा हिशेब माझ्या डोक्यात येई आणि मला माझीच शरम वाटे. पण येई.

वह्या परत द्यायला गेले तेव्हा आपण होऊन काही बोलायचं नाही असंच ठरवलं होतं. बाईंनी विचारलं, "कशा वाटल्या?" मी म्हटलं, "चांगल्या." त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि वहीचं कव्हर नीट करत म्हणाल्या, "चुका सापडल्या असतीन त सांग व. मी आजपर्यंत कोणालेच दाखवल्या नाई. दाखवू कोणाले?"

त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यानं माझं ठरवलेलं सगळं ढासळलं. मी सांगून टाकलं.

बाई लालबुंद झाल्या. "म्हणजे अर्धं उत्तर टाकून पुढं पळायचं? ज्यायले काई येत नाई ते पोट्टे करतात तसं!" उठल्या, चुलीपाशी गेल्या, भांडी आपटली. मला वाटलं, आता एस.टी. गाठलेली बरी. तेवढ्यात म्हातारी खाटेवरून म्हणाली, "पोरगी खरं बोलून राह्यली. तू भाजी बी अशीच निवडतं. जेवाची वेळ टळून जाते." बाईंनी चहा आणला, न विचारता माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "रविवारी ये. सकाळी."

शाळेला घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. ठरलं असं की बाईंनी रिकाम्या वर्गात बसून पेपर लिहायचा, दर पस्तीस मिनिटांनी मी घंटा ठोकायची आणि घंटा झाली की वाक्य अर्धं असलं तरी पुढचा प्रश्न घ्यायचा. पहिल्या घंटेला बाई थांबल्याच नाहीत. मी कागद ओढला. "एवढं वाक्य त होऊ दे, मेले!" त्या ओरडल्या. शिक्षिका असून माझ्या हातावर चापट मारली. दुसऱ्या घंटेपर्यंत आवारात पंधरावीस पोरं दप्तरं घेऊन हजर. रविवारी शाळा का भरली हे कोणालाच समजेना, पण घंटा झाली म्हणजे यायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकाची आई तर त्याला केस विंचरत आणून सोडूनही गेली. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि हातातला टाक टाकून पोट धरून हसल्या. त्या दिवशी चार प्रश्न झाले.

असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी पाच प्रश्न झाले. पाचवा लंगडा होता, पण झाला. त्या तिन्ही रविवारी मी घंटा ठोकत होते. मला घरी बसून जे तीन पेपर सोडवायचे होते ते राहूनच गेले. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नंतर पुष्कळ वाटलं.

नागपूरला परीक्षा झाली. बाहेर आल्यावर बाईंचा चेहरा चोरी केल्यासारखा होता. "पाची लिहिले," हळूच म्हणाल्या. "सारे अर्धे अर्धे. लाज वाटून राह्यली."

यादी लागली तेव्हा पाहायला मी एकटीच गेले, बाईंना शाळा होती. फळ्यावर बारा नावं होती. बारावं बाईंचं. त्याखाली लाल रेघ, तिच्याखाली प्रतीक्षा यादी, आणि तिच्यात पहिलं नाव माझं. मी ते दोन-तीनदा वाचलं. आनंद झाला असं मी म्हणणार नाही. डोळ्यांपुढे आले ते घंटा ठोकण्यात गेलेले तीन रविवार. पाण्याच्या नळापाशी उभी राहून मी चांगलं तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी बोरी अरबची मोटार धरली, कारण बातमी कोणीतरी सांगायलाच हवी होती.

"झालं बाई तुमचं," मी म्हटलं. बाईंनी लगेच विचारलं, "अन् तुहं?"

"पुढच्या साली पाहीन."

त्या खाली बसल्या. आईकडे पाहिलं. आनंदाच्या जागी त्यांच्या तोंडावर काळजी आली. "बाभुळगावले मामाकडे ठेवा लागन इले," म्हणाल्या. "मामीचं काई खरं नाई." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "मी नाई म्हटलं त माही जागा कोणाले जाईन व?"

माझं नाव माझ्या ओठांवर होतं. एवढंच सांगायचं होतं, आणि ते खरंही होतं.

"जाईन कोणाले तरी," मी म्हणाले. "मी खालची नावं पाह्यलीच नाई."

म्हातारी खाटेवर उठून बसली. "माह्या नावानं बहाना करू नको. मी राहीन बाभुळगावले. मामी काई वाघ नोय."

जून संपता संपता बाई गेल्या. जायच्या आधी हेडमास्तरांकडे रजेच्या जागेसाठी माझं नाव त्यांनीच सुचवलं. मी त्यांच्या खोल्यांत राहायला गेले, त्यांचा चौथीचा वर्ग घेतला. महिनाभरानं त्यांचं पोस्टकार्ड आलं. 'यादी अजून फळ्यावर आहे,' असं त्यात होतं. 'तुझं नाव वाचलं. त्या दिवशी तू खोटं बोललीस. खरं बोलली असतीस तर मी जागा तुला दिली असती, हे तुला ठाऊक होतं. एवढा मोठा जीव तुला कुठून मिळाला?'

ते कार्ड मी वर्गातच वाचलं आणि पोरांना पाढे म्हणायला लावून खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. बाईंचं अर्धं बरोबर होतं. त्या जागा देतील हे मला ठाऊक होतं. त्यांनी दिली असती तर मी ती घेतली असती, नाही म्हणायला माझी जीभ उचलली नसती, हेही मला तितकंच ठाऊक होतं. म्हणून मी त्यांना द्यायची संधीच दिली नाही. मोठा जीव वगैरे काही नव्हतं, मला माझीच भीती वाटली होती.

हे मी बाईंना कधीच कळवलं नाही. उत्तराच्या कार्डावर मुलांची हजेरी बरी आहे आणि छप्पर गळतं आहे, एवढंच लिहिलं.