समारोप जरा जास्तच जमला

कसं सांगू तुम्हाला, स्वतःच्या हातानं इतका गोंधळ मी कधी घातला नव्हता.

नाशिकला शाळेत मी मराठी शिकवायचे. निवृत्त झाले आणि मुलाकडे, बेंगळुरूत सर्जापूर रोडला आले. मुलगा-सून सकाळी ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रिजचा आवाज. बोलायला कोण? वॉचमनला कन्नड येतं, मला नाही.

मग मल्लेश्वरमच्या मराठी मंडळाची निबंध स्पर्धा आली. विषय, ‘बेंगळुरू आणि मी’. समारोप असा हवा की वाचणारा जागचा हलू नये, हे मुलांना जन्मभर सांगत आले. आता मी साधा कसा करणार? लिहिलं, ‘आता निरोपाची वेळ झाली. या शहरानं मला सांभाळलं. काही चुकलं असेल तर पोटात घाला.’

अहो, निबंधाचा निरोप! दुसरा कसला?

मंडळात वाचून दाखवला, तर सभागृह चिडीचूप. वाटलं, जमला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात विमलक्का, मंडळातल्या. मल्लेश्वरमहून इतक्या लांब कोणी उगाच येतं का? पुरणपोळ्या घेऊन आल्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “स्वल्प खावा हो. डॉक्टर काय म्हणाले?”

“गुडघे झिजलेत म्हणाले.”

“तुम्हाला असंच सांगत असतील,” म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मला वाटलं, किती हळवी बाई! मग आणखी बायका आल्या. कोणी माझे पाय चेपले, कोणी भजन म्हटलं. कित्येक महिन्यांनी घरात कपबश्या कमी पडल्या. इतकं छान वाटत होतं की हे सगळं कशासाठी, हे विचारायचं सुचलंच नाही.

दुपारी मुलगा धावत घरी आला. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी त्याला फोन केला होता. पांढराफटक चेहरा. “आई, मला का नाही सांगितलंस?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी निबंध वाचून दाखवला. तो हसला, माझ्याजवळ बसून चहा प्यायला. मग मीटिंग होती, गेला. जाताना माझ्या फोनवरून मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आई ठणठणीत आहे.’

सगळ्यांनी अंगठे पाठवले. दुसऱ्या दिवशी मी जादा दूध घेऊन ठेवलं. बेल वाजली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

शेवटी अध्यक्षबाईंचा फोन आला. घाईघाईनं उचलला.

“पहिलं बक्षीस तुम्हालाच द्यायचं ठरलं होतं हो,” त्या म्हणाल्या. “पण आता तुम्ही बऱ्या आहात ना, मग पुढच्या वर्षी बघू.”