सौद्याला मनाई

मला आयुष्यात फार कमी माणसांनी गप्प बसवलं आहे. त्यातली एक बाई दिल्लीच्या एका ऑफिसात बसते. तिला मी कधी पाहिलेलं नाही. पण तिच्यावरचा राग अजून माझ्या मनात आहे, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आर्णीत माझा जुन्या मोटरसायकली घेण्याविकण्याचा धंदा आहे. सुरुवात पंक्चरच्या टपरीपासून केली. बापाकडून काही मिळालं नव्हतं. शिक्षण दहावीपर्यंत, भांडवल म्हणजे तोंड. आज रस्त्याला लागून शेड आहे, शेडच्या मागं स्लॅबचं घर आहे, आणि हे सगळं मी बोलून मिळवलं आहे. कोणी गाडी विकायला आणली की मी आधी गाडीकडं बघत नाही, माणसाकडं बघतो. ज्याची गाडी स्वतःची असते तो भावावर अडतो. त्या गाडीवर त्यानं बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलेलं असतं, पोरांना शाळेत सोडलेलं असतं. तो चिडतो, उठून चालायला लागतो, कोपऱ्यावरून परत येतो. ज्याची गाडी चोरीची असते, किंवा जो गाडी नसतानाच नुसता बयाणा उपटायला आलेला असतो, तो झटक्यात खाली उतरतो. भावाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त निघायची घाई असते.

आम्हाला एकच मुलगी. ती यवतमाळला नर्सिंग शिकली, नागपूरच्या एका दवाखान्यात तिनं काही वर्षं नोकरी केली आणि मग लढाई चालू असलेल्या देशांत दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेत लागली. अर्ज कसा करायचा हे तिला तिच्या मामानं, म्हणजे माझ्या साळ्यानं, दाखवलं. तो दारव्ह्याला शाळेत मास्तर आहे आणि मला विचारल्याशिवाय माझ्या घरातले निर्णय घ्यायची त्याला जुनी सवय आहे. मुलगी कोणत्या देशात गेली ते मी लिहीत नाही. तिच्यासोबतची माणसं अजून तिथं काम करतात आणि नाव लिहू नका असं तिनं मला बजावलं आहे.

पहिल्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा जेवता जेवता तिनं तिथल्या गोष्टी सांगितल्या. दवाखान्याच्या छतावर संस्थेची खूण एवढी मोठी रंगवलेली असते की विमानातून दिसावी. पूर्वी त्या खुणेनं वाचवलं जायचं. आता कधी कधी त्या खुणेवरच नेम धरतात, म्हणून रंगवावी की पुसावी यावर त्यांच्या बैठका होतात. गाडीत हत्यार नसतं. काचेवर बंदुकीचं चित्र आणि त्यावर लाल काट मारलेला स्टिकर असतो.

"मंग बंदूकवाला आडवा आला त?" तिच्या आईनं विचारलं.

"त बोलाचं. काळा चष्मा काढाचा, हात दिसतीन असे ठेवाचे, अन् बोलाचं."

"अन् त्यानं आयकलंच नाही त?"

"त अजून बोलाचं. पन चिडाचं नाही."

मी म्हणालो, "चिडल्याशिवाय कोनी आयकते का?"

"म्हनूनच तुमाले तिकडं नाही नेत, बाबा," ती म्हणाली, आणि दोघी मायलेकी माझ्या तोंडावर हसल्या.

दुसऱ्यांदा ती निघाली त्याआधी संस्थेच्या दिल्लीच्या ऑफिसातून त्या बाईचा पहिला फोन आला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांशी बोलायचं असा त्यांचा नवा नियम झाला होता. आवाज गोड, हिंदी शुद्ध. काही बरंवाईट झालंच तर आम्ही बोलू, म्हणाली. तुम्ही नातेवाइकांशी बोलायचं नाही, पत्रकारांशी बोलायचं नाही, आणि कोणाचा फोन आलाच तर आम्हाला कळवायचं. "आप किसी से कोई मोलभाव नहीं करेंगे."

"मॅडम," मी म्हणालो, "मेरा तो पेट ही मोलभाव पे चलता है."

ती हसली नाही.

तिचा दुसरा फोन आला तो बाजाराचा दिवस होता. बोरी अरब गावचा एक शेतकरी माझ्या शेडमध्ये बसला होता आणि एका गाडीवरून आमची चांगली जुंपली होती. फोनवर ती म्हणाली की गाडी सकाळी निघाली ती ठरलेल्या ठिकाणी पोचलेली नाही. गाडीत तिघं आहेत, तुमची मुलगी, तिकडचीच एक नर्स आणि तिकडचाच ड्रायव्हर. जिवंत आहेत असं कळलं आहे. कोणी तरी अडवून ठेवलं आहे. फोन मोकळा ठेवा आणि कोणाशी बोलू नका.

फोन घ्यायला मी शेडबाहेर गेलो होतो, तो ठेवून आत आलो. शेतकरी म्हणाला, "मंग, काय म्हनता भाऊ?" मी त्याला त्याच्याच भावात गाडी दिली. "आर्णीवाल्यानं मले गाडी फुकटात देल्ली," असं तो अजून सांगत फिरतो.

बायको ओट्यावर भाजी निवडत होती. तिला सांगितलं. ती रडली नाही. हातातली मेथीची जुडी तशीच धरून बसली आणि मग म्हणाली, "दादाले फोन करा."

"कोनालेच कराचा नाही म्हने."

"तो कोनी हाये का? तो मामा हाये तिचा."

मामा संध्याकाळच्या आत आला. त्यानं मला धीर दिला, बहिणीला धीर दिला, आणि कोपऱ्यात बसून फोनवर काही तरी टाईप केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळलं की त्यानं घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचीचा फोटो टाकला होता. आपली मुलगी परदेशात अडकली आहे, सर्वांनी आज विहारात तिच्यासाठी वंदना घ्यावी. तिथून तो फोटो विहाराच्या ग्रुपवर गेला, तिथून तिच्या कॉलेजच्या, तिथून कुठं कुठं. सकाळपासून माणसं येऊन शेडमधल्या खुर्च्यांवर बसू लागली. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, "जय भीम" म्हणून मान खाली घालणारे बापे. मयतीला बसतात तसे बसले होते.

"हे काय करून राह्यला तू?" मी साळ्याला घराच्या मागं नेऊन विचारलं.

"भाऊजी, लोकायच्या सदिच्छा पाह्यजे अशा वक्ताले."

"तुह्या सदिच्छेनं अख्ख्या जिल्ह्याले समजलं ना! बाईनं काय सांगतलं होतं?"

"ते बाई दिल्लीची हाये. तिले आपले लोक मालूम नाही."

"मले मालूम हाये! म्हनूनच तं बोंबलून राह्यलो!"

मग मी बाहेर येऊन सगळ्यांना उठवलं. पोट्टी जिवंत आहे, खुर्च्या मोकळ्या करा, ज्याला गाडी घ्यायची असेल त्यानंच बसा, असं म्हणालो. काही जणांनी ते अजून मनात ठेवलं आहे. ठेवू द्या.

त्याच दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. हिंदी बोलणारा माणूस, आवाज चढा. "आपकी बेटी हमारे पास है." त्यानं तिचं नाव बरोबर सांगितलं, नर्स आहे हे सांगितलं, आणि एवढा मोठा आकडा सांगितला की शेड, घर आणि मी स्वतः विकलो असतो तरी भरला नसता. बायको शेजारीच उभी होती. आकडा तिनंही ऐकला.

फोन ठेवून दिल्लीला कळवायचं असं ठरलेलं होतं. मला ते आठवत होतं. पण माझ्या कानात समोरच्या माणसानं भाव सांगितला होता, आणि भाव ऐकल्यावर मी काय करतो ते मलाही थांबवता येत नाही. मी त्याच्या आकड्याचा एक बारीकसा तुकडा सांगितला. वर म्हणालो, "इससे जादा मेरे पास नहीं है, सोच लो."

तो थांबलासुद्धा नाही. लगेच निम्म्यावर आला.

हा कसला माणूस आहे ते मी तिथंच ओळखलं. तरी खात्री करायची होती. मी पुन्हा रडगाणं गायलं, उसनवारी सांगितली, माझ्या तुकड्यावर दोन दाणे वाढवले. तो पुन्हा उतरला, आणि घाई करू लागला, आज संध्याकाळपर्यंत खात्यावर टाका म्हणाला. शिवी नाही, धमकी नाही, फोन आपटणं नाही. नुसता उतरत गेला. पोरीचा आवाज ऐकव म्हटलं तर म्हणाला, रो रही है. माझी पोरगी लहानपणी पाय मोडला तेव्हाही डॉक्टरला शिव्या देत होती.

मग मी त्याला आर्णीच्या बाजारात जे जे शिकलो ते सगळं ऐकवलं. फोन त्यानंच ठेवला.

"खोटा हाये," मी बायकोला म्हणालो.

"तुमाले कसं समजलं?"

"उतरला तो. ज्याच्याजोळ आपली पोट्टी हाये तो इतक्या लवकर उतरन का? एवढी सस्ती हाये का ते?"

माझ्यासोबत इतकी वर्षं काढलेली बाई. तिला पुढं काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली, चहा ठेवला, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा तिनं स्वतः अर्धा कप घेतला.

दिल्लीच्या बाईला मी इमानदारीनं सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी राहू द्या, निदान "अच्छा पहचाना" एवढं तरी म्हणेल. ती भडकली. घरचे लोक पैसे द्यायला तयार आहेत ही गोष्ट खऱ्या माणसांच्या कानावर गेली तर ते तिला आणखी धरून ठेवतील, म्हणाली. आमच्या लोकांचं बोलणं सुरू आहे, ते बिघडेल. तिचं म्हणणं मला समजत होतं. पण मी माणूस ओळखला होता की नव्हता? त्यावर एक शब्द नाही. नंबर लिहून घेतला आणि पुन्हा तेच, "आप बात नहीं करेंगे." मी म्हणालो, "नहीं करूंगा." आणि खरंच नाही केली. पुढचे दिवस मी शेडमध्ये बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं की नोकराकडं बोट दाखवायचो. तेवढा गप्प मी जन्मात बसलेलो नाही, आणि तो हिशेब माझ्या लेखी अजून मिटलेला नाही.

मुलीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. हॅलो नाही, जय भीम नाही. "आई, मी जेवली. आमी सुटलो." बायकोनं फोन मला दिला आणि हात धुवायला म्हणून उठली ती बराच वेळ आलीच नाही.

घरी आल्यावर मुलीनं सगळं सांगितलं. ज्या रस्त्यानं ती जात होती त्याची परवानगी घेतलेली होती, पण ज्या बंदूकवाल्यांकडून घेतली ते आदल्या दिवशी तिथून हटले होते. नाक्यावर दुसरीच पोरं उभी होती. त्यांच्याकडं जखमी होते आणि पट्टी करायला कोणी नव्हतं. म्हणून या तिघांना एका रिकाम्या शाळेत नेलं. दोघी नर्सांनी जखमींच्या पट्ट्या केल्या.

"त्यायनंच पकडलं, अन् तू त्यायच्याच पट्ट्या केल्या?" मी विचारलं.

"रगत निंगाले लागल्यावर कोनाचा हाये ते पाह्यत नाही, बाबा. तेच तं काम हाये."

तिला कोणी हात लावला नाही. मार खाल्ला तो ड्रायव्हरनं. तो तिथलाच, तीच भाषा बोलणारा, म्हणून तो कोणाला तरी बातम्या देत असणार असं त्यांनी धरलं. त्याचं मनगट मोडलं. "मायासाठी किती ऑफिसं जागे होते," मुलगी म्हणाली. "त्याच्यासाठी त्याची माय होती."

ती माय चालत आपल्या गावच्या म्हाताऱ्यांकडं गेली. म्हातारे त्या शाळेसमोर येऊन बसले. तुझा आजा कोण, तुझ्या मामाचं गाव कोणतं, असं एकेका बंदूकवाल्या पोराला विचारत बसले. चहा पीत बसले. तिकडून संस्थेची माणसं त्या पोरांच्या वरच्यांशी बोलतच होती. शेवटी तिघांनाही सोडलं.

मी मांडीवर थाप मारली. "म्हंजे सौदाच झाला! अन् मले म्हने सौदा करू नोका!"

"सौदा नाही, बाबा. म्हाताऱ्यायनं काहीच देल्लं नाही. ते नुसते उठले नाही."

"अवं, त्यालेच तं सौदा म्हंतात!"

यावर आमचं अजून एकमत नाही. मामा तिच्या बाजूनं आहे, साहजिकच.

काही दिवसांनी ती ड्रायव्हरच्या घरी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. हाताला पट्टी बांधलेला लांबट चेहऱ्याचा माणूस दिसला, आणि त्याच्याशेजारी काळ्या ओढणीतली म्हातारी. म्हातारी मला बघून बरंच काही बोलली. मुलीला त्यांची भाषा कामापुरती येते. "ते म्हंते," ती हसून म्हणाली, "तुमची पोट्टी चांगली हाये, तिले आता इकडं पाठवू नोका."

"तिले विचार, तिनं आपल्या पोराले काहून पाठवलं?"

मुलीनं विचारलं. म्हातारीचं उत्तर छोटंच होतं. मुलगी सांगताना हसली नाही. "म्हंते, मी कुठं पाठवलं? तो इथलाच हाये."

मी त्यानंतर तिला थांबवण्याचं बोललो नाही. बोलायला माझ्याकडं खूप होतं. यवतमाळच्या दवाखान्यातली नोकरी, चांगलं स्थळ, शेडवर बांधायचा मजला. एकही काढलं नाही. तीच म्हणाली की आता ती त्याच देशात, पण मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जाईल. रस्त्यावर महिन्यातून एखाद्या वेळीच. मी म्हणालो, "बरं." एवढ्यावर मी आजवर कोणताही व्यवहार मिटवला नव्हता.

ती गेली, काम चालू आहे, धंदाही बरा आहे. ज्या दिवशी ती गाडीनं कुठं जाणार असते त्या दिवशी आधी कळवते. पोचली की पुन्हा कळवते. त्या दिवशी फोन माझ्या टेबलावर असतो आणि बायको घरातून दर थोड्या वेळानं डोकावून जाते.

परवा असाच दिवस होता. राजूरचा एक खाणकामगार जुनी गाडी बघायला आला होता. बघून झाली, चालवून झाली, मग म्हणाला, "बोला भाऊ, काय भाव?"

"थांब जरा," मी म्हणालो. "पोट्टी रस्त्यात हाये."

त्यानं कोणती पोट्टी, कोणता रस्ता, काही विचारलं नाही. खुर्ची ओढून बसला आणि चहा सांगा म्हणाला. आम्ही दोघं चहा घेत, रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या बघत बसलो.