कडी नसलेलं घर

वर्दी उतरवून मला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ही घटना. ती आठवली की आजही मी उठून घराची दारं तपासतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जळीत प्रकरणं पाहिली, पण तेव्हा कमरेला पट्टा होता आणि पाठीशी ठाणं होतं. इथे यातलं काहीच नव्हतं. नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला लेकीकडे राहायला गेलो होतो. परका मुलूख, माझं मोडकंतोडकं इंग्रजी, आणि खिशात लेकीच्या घराची किल्ली. नावं मी कोणाचीच घेणार नाही.

खबर आली ती नागपूरहून, फोनवर. फोन होता माझ्या हाताखाली काम केलेल्या एका हवालदाराच्या बायकोचा. हवालदार वारले होते. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच ओहायोतल्याच एका इंजिनिअरशी झालं होतं. मुलगा आपल्या समाजातला, शिकलेला. मुलीच्या मामाने नागपुरात मुलाच्या घराण्याची पार आजोबांपर्यंत चौकशी केली होती. मुलगा जिथे बारा वर्षं राहिला, तिथे मात्र कोणीच काही विचारलं नाही. अमेरिकेत आहे म्हणजे चांगलंच असणार, असं सगळे धरून चालले होते.

"साहेब, जय भीम. पोरगी तुमच्या जवळपास आहे म्हणून फोन केला," बाई म्हणाल्या. "काहीही विचारा, बरी आहे म्हणते. अन् आधी नुसती भाजी काय केली ते सांगायला अर्धा तास लागायचा तिला."

"ती बोलते तेव्हा जावई जवळ असतो का, वहिनी?"

"घरातल्या दुसऱ्या फोनवर असतो वाटते. श्वास ऐकू येतो."

बघून येतो, असं सांगून मी फोन ठेवला. ठाण्यात येऊन आरडाओरडा करणाऱ्या बाईची मला कधी फारशी काळजी वाटली नाही. एका शब्दात उत्तर देणारीची वाटायची.

माझ्या जावयाने त्या माणसाला फोन करून रविवारी येतो म्हणून कळवलं आणि रस्ता विचारून घेतला. मी, लेक आणि जावई निघालो. शहर मागे पडलं, मग दोन्ही बाजूंना नुसता मका. गाडी वळणावळणाने चालली होती. "कसला रूट दिलाय यार याने," जावई स्वतःशीच पुटपुटला. "सरळ स्टेट रोड असताना."

घर शेतांच्या मधोमध एकटं होतं. शेजाऱ्याचं छप्पर दिसत होतं, पण हाक मारली तर पोचली नसती. माणूस हसतमुख, बोलणं मऊ. "जय भीम काका, या ना." पोरगी चहा घेऊन आली. उन्हाळ्याचे दिवस, तरी अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस.

"कशी आहेस, बेटा?" मी तिला विचारलं.

"मजेत आहे, काका," तो म्हणाला. "हळूहळू ॲडजस्ट करतेय."

चौकशीत मी कधी थेट मुद्द्यावर येत नसे. बर्फ किती पडतो, भाजी कुठे मिळते, असं विचारत गेलो. तो भरभरून बोलत होता. मग म्हटलं, "या घरात यायच्या आधी कुठे होता?"

"कोलंबसला."

"तिथून थेट इथे?"

त्याने कपाकडे पाहिलं. "हो. चहा गार होतोय, काका." एवढंच. पण तोवर प्रत्येक प्रश्नाला चार वाक्यं बोलणारा माणूस इथे एका शब्दावर आला, हे मी ध्यानात ठेवलं.

मी बाथरूमला गेलो. अमेरिकेत दाराला आपल्यासारखी कडी नसते, मुठीच्या मधोमध एक बटण असतं, ते दाबलं की दार आतून बंद. इथे मुठीला बटणच नव्हतं. वर कधीकाळी बसवलेल्या बोल्टची भोकं लांबी भरून बुजवलेली, वरून रंग. बाहेर येताना बेडरूमच्या दाराकडे नजर टाकली. तिथेही तीच गुळगुळीत मूठ.

"दार लॉक होत नाही वाटतं तुमचं," मी हसत म्हटलं.

"दोघंच तर असतो आम्ही," तोही हसला. "कोणापासून लॉक करायचं?"

निघताना ती दारापर्यंत आली आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली. "काका, परत याल ना?" तिचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर. परतीच्या वाटेवर मला भीती वाटत होती, आणि ती कोणाला सांगायची हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला म्हटलं, याचं रेकॉर्ड बघायचं. तिने कपाळावर हात मारला. "बाबा, हे नागपूर नाही. इथे प्रायव्हसी असते. असं कोणाच्या मागे लागता येत नाही." तरी मला घेऊन गेली. माझी मुलगी आहे, मी गप्प बसणार नाही हे तिला ठाऊक.

तो राहायचा त्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या जिल्ह्याच्या, पोलीस कचेरीत आधी गेलो. तिथल्या माणसाने वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं: कोर्टाच्या क्लार्कला विचारा. वर एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. नाव सांगा म्हणाली. आम्ही कोण, कशाला हवं, एक शब्द विचारला नाही. मी थक्कच झालो. माझ्या ठाण्यात गुन्ह्यांची रजिस्टरं कपाटात कुलूपबंद असायची, आणि इथे रस्त्यावरचा कोणीही येऊन बघू शकत होता.

बाईने नाव टाकलं. काही निघालं नाही.

"बघा बाबा, क्लीन आहे," लेक म्हणाली. तिच्या जिवात जीव आला, माझ्या नाही. मी तिला विचारायला लावलं, हे कुठलं रेकॉर्ड? बाई म्हणाली, फक्त या काउंटीत झालेल्या गुन्ह्यांचं. प्रत्येक काउंटी आपापलं ठेवते. शेजारी काय घडलं ते शेजारी जाऊन विचारायचं.

आता कुठे कुठे जाणार? ओहायोत अशा काउंट्या ढिगाने. गाडीत बसून मी नकाशा मांडीवर पसरला आणि जावयाचं पुटपुटणं आठवलं. सरळ रस्ता सोडून त्या माणसाने आम्हाला वळसा घालून आणलं होतं. तो सरळ रस्ता कुठून जातो ते बोटाने पाहिलं. शेजारच्या काउंटीच्या मुख्य गावातून, कोर्टाच्या अगदी दारावरून. एकदा आत जाऊन आलेला माणूस ठाण्यासमोरचा रस्ता टाळतो, हे मी नोकरीत शंभरदा पाहिलं होतं. पाहुण्यांना रस्ता सांगतानाही तो स्वतःच्या सवयीचाच सांगून बसला.

तिथल्या कोर्टात नाव टाकताच निघालं. कोलंबसनंतर तो याच गावात राहायला होता. त्याला आधी एक बायको होती. आपल्याच देशातली, आणि तिच्याबद्दल नागपुरात कोणाला पत्ताही नव्हता. तिला मारहाण केल्याचा गुन्हा त्याने कबूल केला होता आणि काही महिने जेल भोगली होती. लेक काउंटरपाशीच उभी राहून मला एकेक ओळ मराठीत सांगत होती. बायकोचा जबाब आला तसा तिचा आवाज बारीक झाला. त्याने गळा दाबला, ती सुटली, बाथरूममध्ये शिरली, आतून बटण दाबलं आणि खिडकीतून ओरडत राहिली. दार फुटायच्या आत शेजाऱ्यांनी बोलावलेले पोलीस पोचले.

"म्हणून वाचली ती," लेक म्हणाली.

शिक्षेने माणूस सुधारतो म्हणतात. हा नुसता शिकला होता. मागच्या वेळी दोन गोष्टी नडल्या, शेजारी आणि दाराचं बटण. या वेळी त्याने दोन्ही काढून टाकल्या होत्या.

लेकीने त्या कागदांची नक्कल घेतली आणि तिथूनच पोलिसांना फोन लावला. ते म्हणाले, शिक्षा भोगून झाली आहे. आज काही घडल्याची तक्रार नाही. हवं तर दारात जाऊन तिला विचारतो. मी नको म्हटलं. तो शेजारी उभा असताना ती 'बरी आहे' म्हणणार, पोलीस निघून जाणार आणि दार लागणार. पुढचं मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

मग मला माहेरपण सुचलं. लग्नानंतर पोरगी पहिल्यांदा माहेरी येते, बाप किंवा भाऊ न्यायला जातो, आणि त्याला चारचौघांत नाही म्हणता येत नाही. शनिवारी भरदुपारी आम्ही तीन गाड्या घेऊन गेलो. महिन्याच्या बुद्धवंदनेला जमणारी दोन कुटुंबं सोबत घेतली, त्यातल्या काकू-मावश्यांना काहीही सांगितलं नव्हतं. त्या हौसेने साडी आणि पेढ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या.

दार उघडताच मी म्हटलं, "हिच्या बापाच्या जागी मी आलोय. उद्या आमच्याकडे वंदना आहे, तुम्हीही या. पोरगी आठ दिवस माहेरी राहील."

"काका, आधी फोन केला असता तर..."

"माहेरचे कधी फोन करून येतात का?" एक मावशी हसून म्हणाल्या. "किती वाळलीय पोरगी. चल गं."

त्याचं हसू तसंच होतं, पण डोळे हलत नव्हते. तो वळून तिला अगदी हळू म्हणाला, "जायचंय तुला?"

मी आयुष्यात सुरे पाहिलेत, देशी कट्टे पाहिलेत. त्या मऊ आवाजाला मी घाबरलो तसा कशालाच घाबरलो नाही. ती नाही म्हणाली असती तर मी काय करणार होतो? कोणत्या कलमाखाली? ती खाली बघत उभी राहिली. मग ती आमच्या मधून गेली आणि गाडीत जाऊन बसली. पायांत घरातल्या सपाता होत्या. बॅग नाही, पर्स नाही.

गाडी सुरू झाल्यावर मी मागे पाहिलं नाही. ती मात्र मका संपेपर्यंत मागच्या काचेतून बघत होती.

घरी लेकीने तिला तो जबाब वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला. मग बाह्या वर केल्या आणि आम्हाला हात दाखवले. सोमवारी तिने स्वतः पोलिसांत जाऊन तक्रार दिली. पुढे त्याला तिच्या जवळ यायची कोर्टाने बंदी केली, तिला घटस्फोट मिळाला आणि ती तिथेच शिकून नोकरीला लागली. आजही बुद्धपौर्णिमेला तिचा फोन येतो. भाजी काय केली ते सांगायला अर्धा तास घेते.

घटनास्थळाचे पंचनामे मी जन्मभर केले. तुटलेली कडी, वाकलेला कोयंडा, फुटलेली काच, सगळं लिहिलं. जे तुटलं ते बघायची सवय लागली होती. जे मुळात ठेवलेलंच नाही, तेही बघायचं असतं, हे मला वर्दी उतरल्यावर त्या घराने शिकवलं.

त्या शनिवारची एक गोष्ट राहिली. संध्याकाळी ती तोंड धुवायला गेली. मी बाहेर पेपर घेऊन बसलो होतो. बटण दाबल्याचा आवाज आला. मग मूठ फिरवून दार उघडल्याचा. पुन्हा बटण, पुन्हा मूठ. लेक काळजीने उठायला लागली, मी तिला खुणेने बसवलं. शेवटी बटण दाबल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ दार उघडलं नाही. आत नळ सुरू होता आणि पोरगी मोठ्याने रडत होती.