अर्पिता पहिलीला जाईपर्यंत

प्रतीक्षा शेगावातल्या एका लॉजच्या काउंटरवर बसायची. नवरा गोपाल विजेचे पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. दोघं कामाला निघाली की त्यांची अर्पिता शेजारच्या वंदनाताईंकडे राहायची. वंदनाताई गल्लीतली लेकरं सांभाळायच्या; त्यांचे पैसे दिले की प्रतीक्षाच्या पगारातलं थोडंच मागे उरायचं. दोन लेकरं तिथं ठेवायची म्हणजे नोकरी करून हात रिकामेच. म्हणून नवरा-बायकोनं ठरवलं, अर्पिता पहिलीत जाऊन दिवसभर शाळेत बसायला लागली की मगच दुसरं. तोवर दिवस राहू नयेत म्हणून प्रतीक्षानं तांबी बसवून घेतली. अर्पिताचा जन्म जानेवारीतला. शाळेच्या वयाच्या हिशेबात ती थोडक्या दिवसांनी मागे राहिली आणि सगळंच आणखी एक वर्ष पुढं गेलं.

हे गावाकडे, सोनाळ्याला, कोणी सांगितलं नाही.

सोनाळ्याला गोपालची आई रुखमाबाई भाजीपाला पिकवायची. महिन्यातून एखाद्या गुरुवारी ती एसटीनं यायची, पिशवीत मेथी, वांगी घेऊन. मंदिरात रांगेत उभी राहायची आणि घरी आल्यावर नातीला मांडीवर घेत हळूच विचारायची, "काही हाय का वं, पोरी?"

"नाही अजून," प्रतीक्षा म्हणायची. ते खोटं नव्हतं, म्हणून जीभ अडखळत नसे.

एकदा म्हातारीनं डोंगराकडच्या कुणा वैदूकडून पुडी आणली. "दुधात घे." प्रतीक्षानं दूध मोरीत ओतलं आणि पेला विसळून ठेवला. "घेतलं, आई." रुखमाबाईच्या तोंडावर इतकं समाधान दिसलं की प्रतीक्षा पोळ्या लाटायच्या निमित्तानं पाठ करून बसली.

गोपालला ती म्हणाली, "तुम्ही सांगून टाका न त्याइले."

"मी कसं सांगू? बायकाइचं हाय ते," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मग एका गुरुवारी रुखमाबाई आली ती चप्पलही न काढता म्हणाली, "चाल, आज डाक्टरीनबाईकडे जाऊ. मी पैसे आणले." प्रतीक्षानं कामाचं कारण सांगितलं, अर्पिताचं सांगितलं. म्हातारी हलेना.

डॉक्टरीणबाईंनी प्रतीक्षाला ओळखलं. "या. तांबी काढायची का आता? मुलगी शाळेत गेली वाटतं?"

रुखमाबाईला तांबी म्हणजे काय हे चांगलं ठाऊक होतं. तिनं सुनेकडे पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि उठून बाहेर गेली.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ती बसली होती. प्रतीक्षा उभीच राहिली.

"मले वाटे माहीच चूक झाली," रुखमाबाई म्हणाली. "अर्पिताच्या वक्ताले तू वली बाळंतीण, अन् मी तुले मिरच्या तोडाले नेलं. तवाच काही बिघडलं असंन. देवापुढं दरवेळी त्याचीच माफी मागत होती मी."

"आई, तसं काही नव्हतं. दोघाइले सांभाळाचा खर्च झेपला नसता..."

"मंग मले काऊन नाही सांगतलं? मी ठेवली असती अर्पिताले. माह्या घरी काय कमी होतं?"

याचं उत्तर प्रतीक्षाजवळ होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. लॉजवर पुण्याच्या एका बाईनं तिच्या बोलण्यातल्या 'मले, तुले'वर आपल्या नवऱ्याकडे बघून हसून घेतलं होतं. त्या दिवशीच तिनं मनाशी पक्कं केलं होतं, अर्पिताला त्या बोलीत, सोनाळ्याला वाढवायचं नाही. म्हातारीला आधी सांगितलं असतं तर ती हेच म्हणाली असती, आणि मग नाही कसं म्हणायचं? या भीतीनं तिनं एका बाईला वर्षानुवर्षं देवापुढं उभं केलं होतं.

"चुकलं माहं," एवढंच ती म्हणाली.  दुपारच्या एसटीनं रुखमाबाई परत गेली. पुढं कितीतरी गुरुवार ती आलीच नाही.

अर्पिता पहिलीत गेली. तांबी निघाली. ठरवलं तसं लगेच मात्र काही झालं नाही. शाळेचं वर्ष सरलं, दुसरीची पुस्तकं आली, तेव्हा कुठं दिवस राहिले. मुलगा झाला. तो जरा मोठा झाल्यावर कामावर जायची वेळ आली आणि वंदनाताईंनी तर गुडघ्यांपायी लेकरं ठेवणं बंद केलेलं. शेवटी प्रतीक्षानंच सोनाळ्याला फोन लावला. लेकराला सांभाळायला याल का, असं विचारलं.

"येतो," रुखमाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती भाजीचे वाफे जावेवर सोपवून आली.

एका संध्याकाळी प्रतीक्षा कामावरून परतत होती. दारात रुखमाबाई नातवाला पायांवर घेऊन तेल लावत होती. अर्पिता आजीला टेकून आजीच्याच बोलीत काहीतरी सांगत होती. समोरच्या शेजारणीनं दारात येऊन विचारलं, "दोघाइत लय अंतर पडलं हो. काऊन?"

"डाक्टरीनबाईनंच थांबाले सांगतलं होतं," रुखमाबाई म्हणाली. "सुनेच्या अंगात रगत कमी होतं. पोरीनं लय सोसलं."

ते ऐकून प्रतीक्षा कोपऱ्यावरच थांबली. शेजारीण आत जाईपर्यंत तिला घराकडे पाऊल टाकवेना.